सारांशाला जर्मन शब्द कोणता?

इंग्रजीतील ‘समराइज’ हे क्रियापद जर्मनमध्ये नेताना नवखा अनुवादक ‘झुमीरेन’ या शब्दाला भुलण्याची शक्यता असते. दोहोंचे मूळ लॅटिन ‘सुम्मा’ हेच. पण ‘झुमीरेन’ आकड्यांची बेरीज करते, अहवालाचा सारांश सांगत नाही. आपल्या ‘गोळाबेरीज’ला दोन्ही अर्थ पेलतात, या जर्मन शब्दाला नाही.

तेथे रूढ शब्द आहे ‘त्सुझामेनफासेन’. ‘त्सुझामेन’ म्हणजे एकत्र, ‘फासेन’ म्हणजे पकडणे. विखुरलेले मुद्दे जणू एका मुठीत घेणे. मात्र हे क्रियापद वाक्यात दुभंगते. ‘मी अहवालाचा सारांश सांगतो’ असे म्हणताना ‘फासे’ दुसऱ्या स्थानी येते आणि ‘त्सुझामेन’ थेट शेवटी जाऊन बसते. दुभाष्याची कसोटी येथेच लागते, कारण तो शेवटचा शब्द कानी पडेपर्यंत क्रियेचा अर्थ पुरता हाती येत नाही.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. दोन विभाग एकत्र करण्यालाही हेच क्रियापद वापरतात. कर्माकडे दुर्लक्ष झाले, तर कंपनीच्या परिपत्रकातील ‘दोन विभाग एकत्र केले जातील’ याचे ‘दोन विभागांचा सारांश दिला जाईल’ असे होते आणि त्या विभागांतील कर्मचारी निर्धास्त राहतात!

‘रेझ्युमीरेन’ हा फ्रेंच वळणाचा पर्याय काहीशा विद्वज्जड भाषेत शोभतो. शाळेत मात्र कथेच्या सारांशाला ‘इनहाल्ट्सआनगाबे’ म्हणतात, आणि कथा भूतकाळात असली तरी तो वर्तमानकाळातच लिहावा लागतो.