नमुना पाहणी आणि संख्याशास्त्रज्ञ: गैरसमज व वस्तुस्थिती

नमुना पाहणीतील ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञ म्हणजे गोळा झालेल्या माहितीची टक्केवारी काढून देणारा अधिकारी, असा समज सर्रास आढळतो. वास्तविक माहिती हाती येईपर्यंत त्याच्या कामाचा सर्वांत जोखमीचा भाग उरकलेला असतो. कोणाला विचारायचे, त्यांची निवड कोणत्या यादीतून करायची, प्रश्न कोणत्या शब्दांत मांडायचा, घराला कुलूप असेल तर प्रगणकाने काय करायचे, हे सारे पाहणी सुरू होण्याआधी ठरवावे लागते. निवडीत शिरलेला दोष पुढे कोणत्याही सूत्राने पूर्णपणे निघत नाही.

सर्वांत चिवट गैरसमज आकाराचा आहे: जितक्या जास्त लोकांना विचारले, तितकी पाहणी खरी. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांच्या आधारे आल्फ्रेड लँडन जिंकतील असे भाकीत छापले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. नावे मुख्यतः टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेली होती, आणि मंदीच्या त्या काळात या याद्यांत गरीब मतदार कमी होते. शिवाय पत्रिका परत पाठवणारे आणि न पाठवणारे यांची मते वेगळी होती. जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट यांचा विजय अचूक सांगितला होता.

मात्र गॅलप यांची पद्धतही तेव्हा पुरेशी पक्की नव्हती. इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, अमुक वयाचे इतके, असा कोटा ठरवून दिला जाई आणि त्या कोट्यात कोणाला घ्यायचे हे मुलाखतकारावर सोपवले जाई. १९४८ मध्ये ट्रूमन यांच्याऐवजी ड्यूई जिंकणार, असे ही पद्धत वापरणाऱ्या पाहण्यांनी सांगितले आणि त्या चुकल्या. यादृच्छिक निवड म्हणजे वाटेत भेटेल त्याला विचारणे, ही समजूत याच ठिकाणी मोडते. यादृच्छिक निवडीत माणसाच्या मर्जीला जागाच नसते. प्रत्येक कुटुंब निवडले जाण्याची शक्यता किती, हे आधीच माहीत असते. म्हणूनच निवडलेले घर बंद आढळले की शेजारच्या उघड्या घरात मुलाखत उरकणे हा दोष ठरतो, कारण दिवसा घरी सापडणारी कुटुंबे आणि कामावर गेलेली कुटुंबे सारखी नसतात.

‘लोकसंख्येच्या निदान अमुक टक्के लोक तरी घ्यायला हवेत’ हे वाक्यही वारंवार ऐकू येते. दहा हजार वस्तीच्या गावातून १,००० माणसे यादृच्छिक पद्धतीने निवडली, तर निम्म्याच्या आसपासच्या टक्केवारीत नमुना-चूक सुमारे २.९ टक्क्यांची येते. संपूर्ण देशातून तितकीच निवडली तर ३.१ टक्क्यांची. फरक नगण्य आहे. नमुना चौपट केला तर चूक निम्मी होते, त्यामुळे खर्च झपाट्याने वाढतो आणि लाभ हळूहळू.

हे गणित सरळ निवडीचे आहे. प्रत्यक्षात देशभर विखुरलेली हजार घरे गाठणे परवडत नाही. म्हणून आधी गावे किंवा शहरी गट निवडतात आणि मग त्यांतली घरे. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात सगळीकडे सारखा शिजलेला असेल तरच; एका गावातली माणसे एकमेकांसारखी असतात, दुसऱ्या गावातल्यांसारखी नसतात. समजा, ५० गावांतून प्रत्येकी २० माणसे घेतली आणि गावातले साम्य दर्शवणारा सहसंबंध ०.१ असला, तर १,००० जणांची माहिती जेमतेम ३४५ स्वतंत्र माणसांच्या माहितीइतकी ठरते आणि चूक सव्वापाच टक्क्यांच्या पुढे जाते. गावे वाढवायची की प्रत्येक गावातली घरे, हा निर्णय घेताना ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञाचा अनुभव पणाला लागतो. एका बाजूला प्रवासखर्च आणि प्रगणकांची संख्या असते, दुसऱ्या बाजूला अचूकता.

माहिती आल्यावर तिला भार दिले जातात. अनेकांना ही आकड्यांशी केलेली खेळी वाटते. उदाहरण घ्यायचे तर गोवा आणि महाराष्ट्र या दोन्हींतून एक-एक हजार माणसे निवडली असे मानू. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या सुमारे १४.५८ लाख आणि महाराष्ट्राची ११.२४ कोटी. म्हणजे गोव्यातला प्रत्येक उत्तरदाता सुमारे १,४५८ जणांच्या वतीने बोलतो, तर महाराष्ट्रातला सुमारे १,१२,४०० जणांच्या. दोघांचे उत्तर सारखेच मोजून सरासरी काढली तर ती दोन्ही राज्यांची मिळून खरी सरासरी होणार नाही. लहान राज्यांचेही स्वतंत्र आकडे मिळावेत म्हणून तिथून मुद्दाम जास्त कुटुंबे घेतली जातात आणि भार तो तोल परत आणतात. भार न दिलेला आकडाच खरे तर दिशाभूल करतो.

वृत्तपत्रांत ‘चुकीची मर्यादा अधिक-उणे तीन टक्के’ असे छापले की वाचकाला सगळ्या चुका त्यात आल्या असे वाटते. ती मर्यादा फक्त नमुना घेतल्यामुळे येणाऱ्या चुकीची असते. प्रश्न, स्मरण, मोजमाप आणि नकार यांतून येणाऱ्या चुका तिच्या बाहेर राहतात, आणि त्या अनेकदा मोठ्या असतात. भारतात याचा सर्वांत बोलका दाखला राष्ट्रीय नमुना पाहणीची ५५वी फेरी (१९९९-२०००) आहे. अन्नावरचा खर्च पूर्वी गेल्या ३० दिवसांचा विचारला जाई. मधल्या काही फेऱ्यांत प्रयोग म्हणून काही कुटुंबांना गेल्या ७ दिवसांचा खर्च विचारला, तेव्हा तो लक्षणीय जास्त निघाला. ५५व्या फेरीत त्याच कुटुंबाला दोन्ही कालावधी शेजारी-शेजारी विचारले गेले आणि एका उत्तराचा प्रभाव दुसऱ्यावर पडला. अधिकृत गरिबी १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६.१ टक्क्यांवर आली. पण त्यातली खरी घट किती आणि बदललेल्या प्रश्नावलीमुळे दिसलेली किती, यावर अर्थतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे वाद घातला. नमुना सव्वा लाखाच्या घरात असूनही हा प्रश्न सुटला नाही.

शेतीतही हेच घडले होते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांतून दाखवून दिले की कापणीची चौकट फार लहान ठेवली तर उत्पादन फुगून दिसते. कापणारा माणूस सीमारेषेवरची रोपे नकळत आत धरतो आणि लहान चौकटीत क्षेत्राच्या मानाने सीमा लांब असते. प्रशांतचंद्र महालनोबिस लहान चौकटींचे समर्थक होते आणि दोघांमधला हा मतभेद भारतीय संख्याशास्त्राच्या इतिहासात गाजला. महालनोबिस यांनी मोजमापाच्या चुका पकडण्यासाठी वेगळा उपाय योजला होता: एकाच भागात दोन स्वतंत्र उपनमुने, दोन वेगळ्या तुकड्या आणि मग दोन्ही निष्कर्षांची तुलना. नेमून दिलेली तुकडी बदलताच आकडा बदलला, तर दोष गावात नसून मोजणीत असतो. या दोघांच्या कामामुळे ‘संख्याशास्त्रज्ञ कार्यालयात बसून सूत्रे मांडतो’ हे चित्र भारतात तरी फोल ठरते; शेताच्या बांधावर जाऊन पाहिल्याशिवाय यातले काहीही समजले नसते.

जनगणना सर्वांना मोजते म्हणून ती नमुन्यापेक्षा अचूकच, हेही पूर्ण खरे नाही. २०११ च्या जनगणनेत किती लोक सुटले हे नंतरच्या नमुना पाहणीनेच तपासले. दर हजारी सुमारे २३ जणांची निव्वळ गळती निघाली. थोड्या घरांसाठी उत्तम प्रशिक्षित प्रगणक मिळवता येतात, पंचवीस-तीस लाखांची फौज तशी घडवता येत नाही.

शेवटचा गैरसमज असा, की आकडे बिनचूक झाले की संख्याशास्त्रज्ञाची जबाबदारी संपते. पाहणीतले दोष, नकाराचे प्रमाण आणि अंदाजांची विश्वसनीयता निष्कर्षांसोबत नोंदवणे, आणि ते वेळेवर लोकांपुढे येतील यासाठी आग्रह धरणे, हा त्याच कामाचा भाग आहे. २०१७-१८ च्या कुटुंब उपभोग-खर्च पाहणीचे निष्कर्ष केंद्र सरकारने माहितीच्या गुणवत्तेचे कारण देऊन नोव्हेंबर २०१९ मध्ये रोखले. दोष नोंदवून ते प्रसिद्ध करणे अधिक योग्य ठरले असते, कारण दोषांची छाननी उघड माहितीवरच होऊ शकते. तसे न झाल्याने २०११-१२ नंतरचे उपभोग-खर्चाचे आकडे देशाला मिळाले ते २०२२-२३ च्या पाहणीतून, फेब्रुवारी २०२४ मध्ये.