अंगण वीस मीटरचे; मोबाईल काय मोजणार?

पुणे - मंडईच्या परिसरातील शाळांना मोठी परंपरा आहे. नूतन मराठी विद्यालय १८८३ मध्ये, तर हुजूरपागा १८८४ मध्ये सुरू झाली. आजची महात्मा फुले मंडई, म्हणजे तेव्हाचे रे मार्केट, हेही त्याच दशकातले. पुढे वाडे पडून इमारती उभ्या राहिल्या, वाहने वाढली आणि पेठांमध्ये मोकळी जागा दुर्मीळ झाली. शारीरिक शिक्षणात तंत्रज्ञान का रुजत नाही, या प्रश्नाचे पहिले उत्तर अशा दाट वस्तीत संगणकापेक्षा मोजपट्टीच अधिक चांगले देते.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये 'खेलो इंडिया' हे मोबाईल ॲप आणले. शिक्षकांनी मुलांच्या तंदुरुस्तीच्या चाचण्या घ्याव्यात आणि त्यांच्या नोंदी ॲपमध्ये भराव्यात, अशी ही कल्पना. माध्यमिक गटासाठी उंची-वजनाचे गुणोत्तर, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणे, पोटाचे व्यायाम आणि पुश-अप अशा चाचण्या ठरल्या. ॲप खिशात मावते. ६०० मीटरची धाव मावत नाही. तिच्यासाठी २०० किंवा ४०० मीटरचा सपाट ट्रॅक अपेक्षित असतो. शाळेचे अंगणच २० मीटरचे असेल, तर ५० मीटर वेगाने धावायचे तरी कोठे? साठ मुलांची रांग बाजीराव रस्त्याच्या रहदारीतून सारसबागेजवळच्या सणस मैदानावर न्यायची म्हटले, तर जाण्या-येण्यातच तासिका संपते.

वेळेचे गणितही अवघड आहे. ३५ मिनिटांची तासिका आणि ६० मुले धरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३५ सेकंद येतात. त्यात मोजणी करायची, नोंद भरायची आणि उरलेल्या मुलांवर लक्षही ठेवायचे! शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी या विषयाला अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे, तीही शंभराहून अधिक पट असेल तेथेच.

शाळांमध्ये तंत्रज्ञान आले ते मुळात खोलीच्या रूपाने. केंद्राच्या २००४ च्या योजनेतून संगणक कक्ष उभे राहिले, नंतर वर्गात डिजिटल फळे लागले. मैदानावरचा शिक्षक या खोलीच्या बाहेरच राहिला. २०२० मध्ये टाळेबंदीत शाळा पडद्यावर गेल्या, तेव्हा उलटा प्रकार झाला. पेठेतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, घरातल्या एकुलत्या मोबाईलसमोर सूर्यनमस्कार घालायचे, तर आधी पलंग उभा करावा लागे. (लेझमीला चार्जिंग लागत नाही, हा जुन्या शिक्षकांचा टोमणा म्हणूनच बोचतो.)

मोबाईलचा खरा उपयोग कदाचित मोजणीपेक्षा पाहण्यात आहे. मल्लखांबावरची पकड कोठे सुटते, लांब उडीत पाऊल कोठे पडते, हे मंदगतीच्या चित्रफितीत मुलांना स्वतःच दिसते. त्यासाठी ट्रॅकही लागत नाही. परंतु फोन बहुधा शिक्षकाचा स्वतःचा असतो. खेळाच्या गणवेशातील मुला-मुलींचे चित्रीकरण त्यात राहणार, याला पालकांनी घेतलेली हरकत रास्तच ठरते. संमती कशी घ्यायची आणि चित्रफीत केव्हा पुसायची, याचा लेखी नियम शाळेने केला नसेल, तर शिक्षक फोन खिशातच ठेवणे पसंत करतो.

शिवाय राज्य मंडळाच्या दहावीत हा विषय श्रेणीचा. टक्केवारीत त्याची गणना नाही. मैदानासाठी वेळापत्रकातला सलग दुहेरी तास मागणाऱ्या शिक्षकाला तो गणिताच्या जादा तासासाठी सोडावा लागतो, तो यामुळेच.