सेल्फ मारत नाही? आधी व्होल्ट मोजा

परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा सहज ४० अंशांपलीकडे जातो. पूर्णेत दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी त्यामुळे लवकर थकते. तरी सेल्फ मारला नाही की लगेच नवी बॅटरी आणू नका. दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचाही असू शकतो, आणि तो घरी ओळखता येतो.

इंजिन बंद ठेवून आधी टर्मिनल बघा. पांढरी-हिरवट पूड साचली असेल किंवा क्लॅम्प हाताने हलत असेल, तर निम्मे कोडे तिथेच सुटते. मग मल्टिमीटर डीसी २० वर लावा. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ यायला हवेत. आकडा वाढलाच नाही, उलट हेडलाइट लावल्यावर घसरत गेला, तर चार्जिंग होत नाही: बेल्ट, वायरिंग, अल्टरनेटर तपासून घ्या. १५ च्या वर गेला तर संशय रेग्युलेटरवर.

चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून बघण्याची जुनी पद्धत मात्र कायमची सोडा. व्होल्टेज उसळते आणि महागडा ईसीएम (इंजिनाचा कंट्रोल युनिट) जळू शकतो.