ट्रॅक्टरचा ब्रीदर आणि शर्यतीच्या मोटारीचा व्हॅक्यूम पंप



गळीत हंगाम तोंडावर आला, की गट ऑफिसात ऊस नोंदीपेक्षा ट्रॅक्टरच्याच गोष्टी जास्त चालतात. यंदा एक नवाच प्रश्न आमच्यापुढे आला. वाहतुकीचा करार करणाऱ्या दोघा-तिघा तरुण सभासदांनी मोबाईलवर अमेरिकेतल्या शर्यतीच्या मोटारी पाहिल्या. त्या इंजिनांना पुढच्या बाजूला पट्ट्यावर फिरणारा एक लहानसा पंप असतो. तो इंजिनाच्या चेंबरमधली हवा ओढून बाहेर टाकतो आणि त्यामुळे ताकद वाढते. "साहेब, हा पंप आपल्या ट्रॅक्टरला बसवला तर चढाला दोन ट्रॉल्या हलक्या ओढतील का?" असा त्यांचा सवाल. एकाने तर जुना पंप हुडकायलाही सुरुवात केली होती. प्रश्न चांगला आहे, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देत आहोत.

पिस्टनवर रिंगा असतात. त्या लायनरला कितीही घट्ट बसल्या, तरी वरच्या स्फोटातला थोडा गॅस त्यांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतोच. नव्या इंजिनात कमी, झिजलेल्या इंजिनात जास्त. हा गॅस आत कोंडला तर दाब वाढतो, आणि ऑइल सीलमधून, पॅकिंगमधून, जिथे वाट मिळेल तिथून ऑइल बाहेर येऊ लागते. त्याला वाट करून देण्यासाठीच टॅपेट कव्हरवर किंवा बाजूला ब्रीदर दिलेला असतो. आपले मिस्त्री लोक "इंजिन बॅक मारतंय" म्हणतात ते याच गॅसबद्दल.

पूर्वी मोटारींतही हा गॅस एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. कॅलिफोर्नियात धुरकटाचा त्रास वाढला, तेव्हा त्यातला बराच भाग या नळीतून येतो हे लक्षात आले. १९६१ साली तिथल्या सरकारी यंत्रणेने हा गॅस परत इंजिनातच जाळणारा व्हॉल्व्ह सक्तीचा ठरवला आणि १९६३ पासून तो अमलात आला. मोटारींच्या धुरावर नियंत्रण आणणारे अमेरिकेतले पहिले सक्तीचे उपकरण ते हेच.

शर्यतवाल्यांची गरज मात्र वेगळी. त्यांचे इंजिन मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेते. त्या वेगात चेंबरमध्ये हवा आणि ऑइलचे नुसते वादळ उठते. क्रँक त्या फवाऱ्यातून फिरतो, त्यात ताकद जाते. रिंगाही आपल्या खाचेत थरथरतात. हवा काढून घेतली की रिंगांखालचा दाब उतरतो, त्या जागेवर बसतात आणि हलक्या ताणाच्या रिंगा वापरता येतात, म्हणजे घर्षणही कमी. धूर नियंत्रणासाठी मोटारींवर हवा ढकलणारे जे पंप आले होते, तेच या लोकांनी ओढण्याच्या बाजूने जोडून वापरले. पुढे खास पंप निघाले. साधारण १० ते १५ इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम ते ठेवतात. त्याहून जास्त ओढले तर ऑइलचा फवारा कमी पडून पिस्टनची पिन कोरडी चालते, म्हणून मर्यादेचा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. एवढा खटाटोप करून पाचशे-सहाशे अश्वशक्तीच्या इंजिनात दहा-वीसची भर पडते. शर्यतीत तेवढ्याने निकाल फिरतो, हे कबूल.

आपल्या कारखान्यात व्हॅक्यूम पॅनवर २५-२६ इंचांचा व्हॅक्यूम असतो, हे पॅन स्टेशन पाहिलेल्या सभासदांना ठाऊक आहे. तिथे रस साठ-पासष्ट अंशाला उकळावा आणि साखर करपू नये हा हेतू. दोन्हीकडे आकडा पाऱ्याच्या इंचातच मोजतात, काम मात्र अगदी निराळे. तसेच डिझेल जीपच्या अल्टरनेटरमागे जो व्हॅक्यूम पंप असतो तो ब्रेकसाठी आहे, चेंबरशी त्याचा संबंध नाही. तो काढून ट्रॅक्टरला लावण्याचा बेत कोणी केला असेल तर सोडून द्यावा.

आता ट्रॅक्टरचे पाहू. ते दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालते. तिथे ना ते वादळ, ना रिंगांची ती थरथर. पंप फिरवायला जी ताकद लागेल तेवढी परत मिळणेही कठीण. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! पण खर्चापेक्षा वाईट गोष्ट धुळीची. इंजिनाचे सील आतले ऑइल बाहेर येऊ नये अशा बेताने बसवलेले असतात. आत व्हॅक्यूम झाला की तेच सील आणि ऑइल मोजायच्या दांडीची फट बाहेरची हवा आत ओढतात. शर्यतीचा रस्ता झाडलेला असतो. आपली पाणंद डिसेंबरात कशी असते ते सांगायला नको. ती माती ऑइलमध्ये गेली, तर हंगामाच्या मध्यावर बेअरिंग वाजायला लागेल. तोडलेला ऊस फडात आणि ट्रॅक्टर गॅरेजला, ही वेळ कोणावर येऊ नये. उचल घेतलेल्या माणसावर तर नकोच.

चेंबरमधला व्हॅक्यूम आपल्याकडे अगदीच परका आहे असेही नाही. विहिरीवरची जुनी लिस्टर पद्धतीची इंजिने अनेकांना आठवत असतील. मूळ इंजिन इंग्लंडातल्या डर्सली गावचे, मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेऱ्यांचे. त्याच्या नकला राजकोटला पुष्कळ झाल्या. त्याच्या ब्रीदरमध्ये एक पातळ पत्ती असते. पिस्टन खाली आला की पत्ती उघडून हवा बाहेर जाते, वर गेला की पत्ती मिटते. त्यामुळे चेंबरमध्ये हलकासा व्हॅक्यूम राहतो आणि सांध्यांतून ऑइल गळत नाही. पट्टा नाही, पंप नाही, खर्च नाही. पत्ती मळली किंवा वाकली की इंजिन चहूबाजूंनी ओले होते. मग लोक पॅकिंगे बदलत बसतात आणि पत्तीकडे कोणी बघत नाही!

एका गोष्टीची आम्हाला खरी काळजी वाटते. ब्रीदरचा धूर डोळ्यांवर येतो म्हणून काही ठिकाणी त्याची नळी परस्पर एअर क्लीनरच्या होजला जोडून देतात. काही इंजिनांना कंपनीच तशी जोडणी देते, पण तिथे ऑइल वेगळे काढण्याची सोय असते. झिजलेल्या इंजिनाला गॅरेजात अशी जोड दिली तर ऑइलची वाफ थेट सिलिंडरात जाते आणि डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळू लागते. मग स्टॉपची दांडी ओढून उपयोग होत नाही, कारण ती फक्त डिझेल तोडते. इंजिन सुसाट सुटते आणि हवेची वाट कोंडल्याशिवाय थांबत नाही. ब्रीदरमध्ये चिंधी कोंबणे हाही तसलाच प्रकार; तिथले ऑइल थांबते आणि मागच्या सीलमधून क्लचवर उतरते.

हंगामाआधी एवढे करावे. इंजिन गरम झाल्यावर हळू चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण सोडवावे आणि उलटे करून तोंडावर नुसते ठेवावे. गरम ऑइलचे शिंतोडे उडतात, तेव्हा तोंड लांब ठेवा. झाकण जरासे थरथरले, थोडी वाफ आली, तर चिंता नाही. ते नाचून खाली पडू लागले आणि भकाभका धूर येऊ लागला, तर आधी ब्रीदर काढून जाळी डिझेलने धुवा, नळी चेपली आहे का पाहा, आणि पुन्हा बघा. तरीही तेच, तर रिंगा-लायनर तपासायला इंजिन खोलावे लागेल. पंपासाठी बाजूला काढलेले पैसे त्या कामाला लावावेत. बहुतेक वेळा रिंगा लवकर जातात त्या धुळीनेच, म्हणून एअर क्लीनरचे ऑइल, त्याची क्लिप आणि होजची चीर त्याच दिवशी बघून घ्या. होज वरून धड दिसतो, चीर खालच्या बाजूला असते. हात फिरवल्याशिवाय ती सापडत नाही.