लिनक्स संगणकाचा आवाज निघत नसल्यास

संगणकावर चित्र दिसते, पण आवाज निघत नाही आणि ध्वनिचालक सापडत नसल्याची सूचना येते, असा प्रसंग लिनक्स प्रणाली वापरणाऱ्या शाळेत उद्भवू शकतो. ही अडचण क्षुल्लक मानू नये. दिंडोरी तालुक्यात पेठच्या बाजूच्या पाड्यांवर घरी कोकणा बोलणाऱ्या बालकास प्रमाण मराठीचे उच्चार कानांनीच आत्मसात करावे लागतात. त्याच्यापुढे मुका संगणक निम्म्याहून अधिक निरुपयोगी होय.

चालक म्हणजे प्रणाली आणि ध्वनियंत्र यांच्यामधील दुभाषा. लिनक्सच्या गाभ्यात 'अल्सा' ही ध्वनिव्यवस्था २००३ सालच्या २.६ या आवृत्तीपासून समाविष्ट आहे. सी-डॅकची 'बॉस' प्रणालीही याच गाभ्यावर उभी आहे. बहुतेक चालक मुळातच हजर असल्याने त्यांची वेगळी तबकडी शोधण्याचे कारण नाही. सूचना आली म्हणजे यंत्र बिघडले, असेही नव्हे.

प्रथम सूचनेची अक्षरे जशीच्या तशी उतरून घ्यावीत. नंतर पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. स्पीकर मोबाइलला जोडून पाहावा. तेथे वाजल्यास त्याची पिन संगणकाच्या हिरव्या छिद्रात बसवावी.

२. सेटिंग्जमधील ध्वनी विभागात कोणते साधन निवडले आहे ते पाहावे. पडदा एचडीएमआय तारेने जोडला असल्यास आवाज पुष्कळदा त्या पडद्याकडे वळतो आणि पडद्यास स्पीकर नसतो.

३. टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' उघडून 'एफ ६' कळीने ध्वनिकार्ड निवडावे. पट्टीखाली 'एमएम' दिसल्यास आवाज बंद आहे असे समजावे. 'एम' कळ दाबताच तो सुरू होतो.

४. केवळ 'डमी आउटपुट' दिसत असेल, तर प्रणालीस ध्वनिकार्ड गवसलेले नाही. बायोसमध्ये ध्वनी बंद केला आहे काय ते पाहावे. इंटेलच्या काही नव्या लॅपटॉपांस 'साउंड ओपन फर्मवेअर' हा संच लागतो. तो बसवून संगणक पुन्हा सुरू करावा.

५. प्रणाली अद्ययावत केल्यावर आवाज गेला असल्यास संगणक सुरू होताना गाभ्याची जुनी आवृत्ती निवडून पाहावी.

एवढ्यानेही न भागल्यास पेनड्राइव्हवरून नवी लिनक्स प्रणाली तात्पुरती चालवावी. तीत आवाज आला, तर यंत्र निर्दोष असून दोष मांडणीत आहे, हे सिद्ध होते. न आल्यास साधे यूएसबी ध्वनिकार्ड जोडावे. ते बहुधा वेगळ्या चालकावाचून चालते. हा क्रम पुरा झाल्यावाचून दुरुस्तीचा वा खरेदीचा खर्च करू नये, आणि संगणक कापडाखाली झाकूनही ठेवू नये.