झाकलेले व्यवहार, उघडी खात्री
बिटकॉइन निनावी आहे, हा समज खरा नाही. त्यातली प्रत्येक देवघेव सार्वजनिक खातेवहीत कायमची राहते. एखादा पत्ता कोणाचा हे एकदा कळले, की त्यावरचे सगळे व्यवहार उघडे पडतात. तरीही हिशोब पडताळायचा तर तो उघडाच हवा, असे नाही. विधान खरे आहे एवढेच पटवायचे आणि बाकी काहीही कळू द्यायचे नाही, ही शून्य-ज्ञान सिद्धतेची कल्पना गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये मांडली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या झीकॅशने ती चलनात आणली. त्याच्या झाकलेल्या व्यवहारात देणारा, घेणारा आणि रक्कम तिन्ही गुप्त राहतात. सोबतची छोटीशी सिद्धता दाखवते, की नाणे खरे आहे, ते खर्चण्याचा अधिकार देणाऱ्याकडे आहे आणि आवक-जावक जुळते. प्रत्येक खर्चाबरोबर एक खूण जाहीर होते. ती कोणत्या नाण्याची हे ओळखता येत नाही, पण तीच पुन्हा आली की व्यवहार फेटाळला जातो.

गुन्हेगारांचे फावेल, हा आक्षेप गंभीरच आहे. मात्र लेखापरीक्षकाला पाहण्यापुरती किल्ली देता येते. तिने व्यवहार दिसतात, पैसे हलत नाहीत. मला अधिक वजनदार वाटतो तो दुसरा आक्षेप: न दिसणाऱ्या रकमांत खोटी नाणी शिरली तर? तशी वाट मोकळी करणारी त्रुटी २०१८ मध्ये खरोखरच सापडली. आधी ती गुपचूप दुरुस्त झाली, मग २०१९ मध्ये जाहीर झाली. म्हणूनच गुप्त साठ्यात एकूण किती नाणी गेली आणि किती बाहेर आली, हे आकडे उघडे ठेवलेले आहेत, आणि आत गेली त्याहून जास्त बाहेर काढू पाहणारा व्यवहार जाळे स्वीकारत नाही.