आजींना थंडी का वाजते?

‘फार मिजास दाखवू नकोस’ असं आपण सहज म्हणून जातो. ही मिजास ‘मिजाज’ या अरबी शब्दावरून फारसीमार्गे आपल्याकडे आली. त्याचा मूळ अर्थ मिश्रण. उष्ण, थंड, ओलसर आणि कोरडा या चार गुणांचं ज्याच्या-त्याच्या शरीरात जे मिश्रण असतं, तो त्याचा मिजाज. इराणचं पारंपरिक वैद्यक या कल्पनेवर उभं आहे.

इब्न सीना या हकिमांनी सुमारे १०२५ साली पुऱ्या केलेल्या ‘कानून’ ग्रंथात नऊ मिजाज सांगितले आहेत: एक समतोल, चार एकेरी आणि उष्ण-कोरडा, थंड-ओलसर असे चार जोडीचे. ते ओळखायच्या खुणा दहा. हाताला लागणारी ऊब, अंगावरचं मांस, केस, त्वचेचा रंग, बांधा, थंडी-उन्हाचा त्रास, झोप, शरीराची कामं, मलमूत्र आणि मनाचा स्वभाव. इराणी घरांत हा हिशेब स्वयंपाकातही चालतो. दही-काकडी थंड, म्हणून त्यात सुका पुदिना आणि अक्रोड घालतात. आपण नाही का, आंबा उष्ण पडतो म्हणत?

पण म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत या खुणा फसवतात. याच वैद्यकानुसार साठीनंतर प्रत्येकाचंच शरीर थंड आणि कोरडं होत जातं. केस पिकतात, त्वचा सुकते, झोप तुटते. मग आजींचा मूळ मिजाज थंड, की हा वयाचा गारवा? तरुणांसाठी केलेली प्रश्नावली इथे पुरी पडत नाही.

म्हणून विचारायचं ते असं: ‘आजी, तिशीत तुम्हाला थंडी जास्त बाधायची की ऊन? झोप किती लागायची? राग पटकन यायचा का?’ तेव्हाचं उत्तर हा मूळ मिजाज. मग आजची स्थिती त्याच्याशी ताडून बघायची, शेजारच्या आजींशी नाही. औषधंही विचारायची, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हातपाय गार पडतात.

हे वैद्यक आणखी एक भेद करतं. जन्मापासूनचा तो मिजाज आणि बिघडलेला तो ‘सू-ए-मिजाज’, म्हणजे आजार. आमच्या गटातल्या एकीच्या सासूबाई ऐन वैशाखात स्वेटर घालून बसायच्या. आधी कधी अशा नव्हत्या. आम्ही सगळ्याच म्हणालो, ‘वय झालं.’ सहा महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा थायरॉईड कमी निघालं. तिशीतली थंडी कशी होती, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा एक लक्षात ठेवा. मिजाज ओळखणं म्हणजे रोगाचं निदान नव्हे. त्यावरून कुणाची गोळी बंद करू नका, की काढे सुरू करू नका. मात्र नव्याने वाजणारी थंडी, उतरलेलं वजन, अचानक आलेली सुस्ती किंवा गोंधळलेपण दिसलं, तर वयावर न ढकलता डॉक्टरांकडे न्या.

आणि आज संध्याकाळी आजींजवळ बसून त्यांची तिशी विचारा. त्यांनाही बरं वाटेल, आणि तुम्हाला त्यांची खरी मिजास कळेल.